तिसरं पान

१

कनकाआत्या रोज तीन पानं मांडायची. घरात माणसं दोनच, ती आणि तिचा भाचा अमोघ. तरी दिवेलागण झाली, की ती मागच्या विहिरीकाठच्या केळीचं पान कापून आणी, त्याचे तीन तुकडे करी, फरशीवर पाण्याचा हात फिरवून ते ओळीनं मांडी आणि तिन्हींशेजारी पाण्याचे लोटे ठेवी. दोघांचं जेवण उरकलं, की तिसरं कोरं पान गल्लीतल्या गाईला.

अमोघला आधी वाटलं, हे आतोबांसाठी असेल. कृष्णस्वामी आतोबा रेल्वेत होते, जाऊन बरीच वर्षं झाली होती. एग्मोर स्टेशनच्या मागच्या गल्लीतलं हे घर त्यांनीच बांधलेलं. एकदा त्यानं धीर करून विचारलं, तेव्हा आत्या मीठ वाढता वाढता म्हणाली, "त्यांना कशाला रे आता पान? कोणी येईल की. आला तर असू दे."

एवढंच. पुढे तिनं पिठल्याची वाटी सरकवली आणि तो कसा जेवतो ते बघत बसली. त्याचं मराठी ऐकून तिला हसू यायचं. त्याची आई पुण्याची. नऊ वर्षांचा असताना आईबापांनी त्याला कॅनडात नेलं आणि तिथल्या बर्फात आईनं त्याला मराठी शिकवलं, नीट, कडेला रेघ मारलेल्या वहीसारखं. आत्याच्या घरचं मराठी तंजावरचं. त्यात तमिळ शब्द मुरलेले, चालही तमिळच.

"पुस्तकातलं बोलूलालास रे," ती म्हणायची. "लहानपणी कसं गोड बोलायचास. कुठं सांडलंस ते?"

तेच शोधायला तर तो परत आला होता. कॅल्गरीतली नोकरी सोडताना मित्रांना त्यानं लांबलचक पत्र लिहिलं होतं: आपल्या देशाला आपली गरज आहे, वगैरे. त्यातला शब्दन् शब्द खराच होता. फक्त त्यात हे लिहिलं नव्हतं, की बर्फात चालताना कधीही त्याच्या नाकात एकच वास यायचा, उन्हानं तापलेल्या गच्चीवर बादलीभर पाणी ओतल्यावर येतो तो. एग्मोरच्या घरात मधल्या खांबाशी त्याची जेवायची जागा होती. लहानपणीचीच. तिथं पाठ टेकून बसलं, की त्याला वाटायचं, झालं, पोचलो. ती जागा आपली राहावी, एवढंच त्याला आयुष्याकडून हवं होतं.

२

ऑफिस अड्यारला, एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर. तीनचारजणांची संस्था. सरकारी आरोग्य केंद्रांसाठी बाळांच्या लसींचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर ते लिहीत आणि फुकट वाटत. दोन हजार तीनचा उन्हाळा होता. शहरात पाणी नव्हतं, सकाळी टँकर आला की बंगल्याच्या फाटकाशी रंगीबेरंगी प्लास्टिकच्या घागरींची रांग लागे, आणि वर पंख्याखाली ही मंडळी कामाला बसत.

प्रमुख होते राममूर्ती सर. मोठ्या कंपनीतून स्वतःहून निवृत्त झालेले गृहस्थ. कपाळावर विभूती, खिशात चार रंगांची पेनं. आणि शेजारच्या टेबलावर रंजनी, जिला अमोघच्या आदर्शवादाची गंमत वाटायची. तिनं त्याचं नाव 'कॅनडा मापिळ्ळै' ठेवलं होतं, कॅनडाचे जावईबापू.

सगळ्यांचं लिखाण मागच्या खोलीतल्या एका सर्व्हरवर साठायचं. सीव्हीएस नावाची प्रणाली होती. कोणी कुठली ओळ कधी लिहिली, कधी बदलली, सगळं ती लक्षात ठेवी. काही पुसलं तरी ते पुसलं जात नसे, मागे जाऊन बघता येई. मूळ खोडाला धक्का न लावता काही वेगळं करून बघायचं असेल, तर त्याची फांदी फोडायची, म्हणजे ब्रँच. ती आपल्या वाटेनं वाढते आणि जमलं तर पुढे एक दिवस खोडात मिसळते. सर फांद्यांना आपापल्या घरातल्या कोपऱ्यांची नावं द्यायला लावत. रंजनीच्या फांदीचं नाव 'तिण्णै', म्हणजे ओटा. सरांची 'ऊंजल', झोपाळा.

सरांचा आणखी एक नियम होता. दोघांनी एकाच जागी दोन वेगळ्या ओळी लिहिल्या आणि मिसळताना त्यांची टक्कर झाली, तर ती कोणी एकट्यानं सोडवायची नाही. एका टेबलाशी दोन खुर्च्या घ्यायच्या, दोघांनी शेजारी बसायचं, बोलायचं. जो माघार घेईल त्यानं आपली ओळ आपल्या हातानं पुसायची. दुसऱ्याची ओळ कोणी पुसायची नाही, मग ती कितीही चुकीची असो. अमोघ या नियमावर भाळला होता. परदेशात असं कुठं बघायला मिळतं, असं तो आल्यागेल्याला सांगायचा.

एका दुपारी रंजनीनं त्याला हाक मारली. तारखांच्या हिशेबातली एक ओळ तिला कळत नव्हती. "तुझीच आहे. समजावून सांग."

अमोघला ती आपली आहे असं आठवेना. त्यानं प्रणालीला विचारलं. प्रत्येक ओळीपुढे लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख उमटली. नाव होतं amogh. तारीख दोन वर्षांपूर्वीच्या पोंगलची.

दोन वर्षांपूर्वीच्या पोंगलला अमोघ कॅल्गरीत गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता.

३

सर्व्हरचं घड्याळ चुकलं असणार, सर म्हणाले. मागे एकदा डिस्क गेली होती, सगळं नव्यानं बसवलं, तेव्हा तारखा सरकल्या. रंजनीचं म्हणणं, तो इतका उतावळा आहे की स्वतःच्या आधी येऊन कामाला लागला. अमोघही हसला. घड्याळाचं कारण त्याला पटलं. पटवून घ्यायची त्याची तयारीच होती.

पण घरी जायच्या आधी त्यानं त्या नावानं लिहिलेलं सगळं काढून बघितलं. त्याचं स्वतःचं काम खोडावर होतं. त्याखेरीज त्याच नावावर एक फांदी होती. लांब, जुनी, आणि अजून वाढणारी. तिचं नाव 'मोट्टैमाडी'.

मोट्टैमाडी म्हणजे उघडी गच्ची. एग्मोरच्या घराची.

त्या फांदीवरच्या ओळींना टिपा जोडलेल्या होत्या, इंग्रजी अक्षरांत मराठी. अमोघ एकेक वाचत गेला. 'हे नंतर करूलालो.' 'आत्या बोलावूलाली, उरलेलं उद्या.' 'पाणी आलं, घागरी भरून येतो.' टिपा लिहिणाऱ्याला कसली घाई नव्हती. तो घरातल्या घरात बोलल्यासारखा लिहीत होता, आणि अमोघनं कितीही घोटवलं तरी तोंडात न बसणारं मराठी त्याच्या बोटांतून आपसूक उतरत होतं. अमोघला भीती वाटली नाही, निदान आधी नाही. त्याला हेवा वाटला.

मग सोमवारी, तो आपल्या टेबलाशी असताना, रंजनी आणि सर समोर दिसत असताना, त्या फांदीवर एक नवी ओळ आली.

त्यानं सर्व्हरला विचारलं, आत्ता कोण कुठून काम करतंय. उत्तर आलं: amogh, या खोलीतून. amogh, मागच्या खोलीतून.

मागच्या खोलीला एकच दार होतं, ते बोळाच्या टोकाशी. अमोघ उठला. बोळ अर्धा ओलांडला तोवर आतून कळफलकाचा आवाज येत होता. संथ, मध्ये थांबून विचार करत टाइप करणाऱ्याचा. तो कान देऊन उभा राहिला. तो स्वतः तसंच टाइप करतो. वाक्य संपलं की अंगठ्यानं उगाच एकदा टेबल वाजवतो. आत टेबल वाजलं आणि आवाज थांबला.

दार ढकललं. आत सर्व्हरची घरघर, खिडकीतल्या एसीचं टपटपणं, एक जुना मॉनिटर आणि वेताची खुर्ची. खुर्चीत कोणी नव्हतं. त्यानं बैठकीवर हात ठेवला. एसीच्या गारठ्यातही वेत कोमट होता. वास आला तो तापलेल्या सिमेंटवर पाणी ओतल्याचा, आणि त्याला क्षणभर इतकं घरी आल्यासारखं वाटलं, की डोळे भरून आले.

आपणच सकाळी इथं लॉगिन करून विसरलो, असं त्यानं स्वतःला सांगितलं. खुर्चीचं कारण मात्र त्याला सापडलं नाही.

४

रविवारी त्यानं वडिलांना फोन केला. हवापाणी झालं, आत्याची गुडघेदुखी झाली, मग त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, आपण निघालो तो दिवस आठवतो?"

वडील हसले. तो दिवस कसा विसरेन, म्हणाले. खाली टॅक्सी उभी, विमानाची वेळ झालेली, आणि हा गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं दडलेला. येणार नाही म्हणून रडत होता. आत्या म्हणत होती, राहू दे की त्याला माझ्याकडं, पुढच्या वर्षी न्या. आईचा जीव तुटत होता, पण एक क्षण तीही हो म्हणाली होती.

"मग?"

"मग काय. आलास तू."

"मी जिना उतरताना तुम्ही बघितलंत?"

"नाही रे," वडील म्हणाले. "आम्ही खाली आलो, तर तू टॅक्सीत बसलेला होतास. गप्प. विमानतळापर्यंत एक शब्द बोलला नाहीस." आणि पुढे म्हणाले, "कनका मात्र आम्हाला सोडायला खाली आली नाही. वरून तिचा आवाज येत होता. कोणाची तरी समजूत काढत होती."

आत्या स्वयंपाकघरात डांगराचं पीठ कालवत होती. तो तिच्याजवळ जाऊन बसला आणि त्यानं विचारलं, त्या दिवशी मी गच्चीवरून खाली आलो होतो ना?

आत्यानं त्याच्याकडे बघितलं, प्रेमानं, पण नीट ओळख पटत नसल्यासारखं. "तू कुठला येणार रे खाली," ती म्हणाली. "रडून रडून तिथंच झोपलास. मीच उचलून आणलं की तुला, माझ्या कण्णा."

वय झालंय, असं त्यानं मनाशी म्हटलं. पीठ कालवणारे हात मात्र स्थिर होते.

त्या संध्याकाळी तो गच्चीवर गेला नाही. वर कोणीतरी बादली सरकवल्याचा आवाज येत होता. शेजारच्या गच्चीवरचा असेल. गच्च्या एकमेकींना लागूनच होत्या.

५

ओरगडमकडच्या खेड्यांतल्या केंद्रांना सॉफ्टवेअर द्यायचा दिवस ठरला, तेव्हा सगळ्या फांद्या खोडात मिसळायचं ठरलं. तिण्णै मिसळली, ऊंजल मिसळली. मोट्टैमाडी मिसळताना एकाच जागी टक्कर झाली.

ती ओळ अमोघच्या अभिमानाची होती. एखादं बाळ ठरल्या दिवशी लस घ्यायला आलं नाही, पुन्हा बोलावलं तरी आलं नाही, तर त्याचं नाव रोजच्या यादीतून आपोआप गळत असे. नर्सबाईंना यादी सुटसुटीत मिळायची. गाव सोडून गेलेल्यांची नावं किती दिवस वागवायची? कॅनडात शिकलेली स्वच्छ, शहाणी पद्धत होती ती.

त्याच जागी दुसऱ्यानं लिहिलेल्या ओळीत नाव गळत नव्हतं. ते यादीच्या तळाशी राही, पुढे एक रिकामा चौकोन ठेवून, कितीही वर्षं. टिपेत लिहिलं होतं: 'गेलंय पोर. आला तर असू दे.'

अमोघनं ते सरांना दाखवलं. आपला आवाज स्थिर आहे याची काळजी घेऊन तो म्हणाला, की ही फांदी माझी नाही, ती काढून टाकू या. सरांनी चष्मा वर केला.

"नाव तुझं आहे, तंबी."

"पण मी लिहिलेलं नाही, सर."

"मग ज्यानं लिहिलंय त्याला पुसू दे. नियम तुलाच फार आवडतो ना?" आणि त्यात थट्टा अजिबात नव्हती. मागच्या खोलीत जाऊन त्यांनी वेताच्या खुर्चीशेजारी आणखी एक खुर्ची आणून ठेवली. जाता जाता दोन टंबलर कॉफी टेबलावर ठेवली.

तो नव्या खुर्चीवर बसला. पडद्यावर दोन्ही ओळी एकाखाली एक. वरती amogh, खाली amogh. बाहेर भर दुपार, टँकरवाल्याचा हॉर्न, बायकांची भांडणं. हे सगळं इतकं रोजचं होतं, की त्याला स्वतःचाच राग आला. आपण शिकलेली माणसं. एक ओळ पुसायची आणि उठायचं. खालची ओळ पुसून टाकावी म्हणून त्यानं बोट कळफलकावर नेलं.

शेजारच्या खुर्चीचा वेत कुरकुरला. पुढे वाकून वाचू लागल्यावर कुरकुरतो तसा.

अमोघनं मान वळवली नाही. बोट तिथंच राहिलं. आणि तेवढ्यात वीज गेली. एसी थांबला, पंखा मंदावला, मॉनिटर काळा झाला. त्या काळ्या काचेत खिडकीचा चौकोन दिसत होता, आणि त्यापुढे त्याचा स्वतःचा खांदा. आणि त्याला लागून दुसरा खांदा, तेवढ्याच उंचीचा, घरी धुऊन विरलेल्या सदऱ्यातला. चेहरा दिसावा असं त्याला वाटलं, आणि त्याहून जास्त वाटलं की दिसू नये. सिमेंटचा ओला वास खोलीभर झाला.

शेजारी बसून बोलल्यावर कळतं तसं त्याला कळलं, की शेजारचा भांडायला आलेला नाही. तो आपली ओळ पुसणार नाही, एवढंच. त्याच्या ओळीत गेलेल्यांना जागा होती. अमोघच्या ओळीत नव्हती.

वीज आली. पडदा उजळायला जितका वेळ लागला, तितका वेळ अमोघ दोन्ही ओळींचा विचार करत होता. कुठली बरोबर, हे त्याला माहीत होतं. बरोबर ते बरोबर, मग ते कोणाचंही असो, हे तोच तर सगळ्यांना सांगत आला होता.

त्यानं वरची ओळ पुसली. आपली.

टेबल एकदा वाजलं. त्याचे दोन्ही हात कळफलकावर होते.

निघताना त्यानं बघितलं, टंबलर दोन्ही रिकामे होते. त्यानं एकालाही हात लावला नव्हता. बाहेर रंजनी फोनवर बोलत होती. त्यानं हात हलवला. तिनं मान वर करून त्याच्या मागे, बोळाकडे बघितलं, आणि ओळखीचं हसून त्या दिशेनं हात हलवला.

६

अड्यारहून एग्मोरला येईस्तोवर बसमध्ये त्याला खिडकी मिळाली. कूवम नदीचा वास आला, स्टेशनची लाल इमारत आली, जाईच्या गजऱ्यांची टोपली घेऊन एक बाई चढली. लहानपणी वडिलांच्या मांडीवरून बघितलेलं सगळं जसंच्या तसं. शहर इतकं आपलं त्याला कधी वाटलं नव्हतं, आणि त्याला कळेना की मग निरोप घेतल्यासारखं का वाटतंय.

दाराशी चपला होत्या. त्याच्याच मापाच्या, पण झिजलेल्या, अंगठ्यापाशी शिवलेल्या. त्यानं आपले बूट काढून शेजारी ठेवले आणि किल्लीसाठी खिशात हात घातला. किल्ली नव्हती. त्यानं कडी वाजवली.

आत्यानं दार उघडलं. हातात वाढायचा डाव होता.

"यार् वेणुम्, पा?" तिनं विचारलं. कोण हवंय. अनोळखी माणसाला विचारतात तसं, तमिळमध्ये, अदबीनं.

"आत्या," तो म्हणाला.

तिनं डोळे बारीक केले. मग चेहरा उजळला. "मराठी काय तुम्ही? पुण्याकडचे? बोलण्यावरून वाटलं. या की, असं दारात नका थांबू. जेवायचीच वेळ आहे."

तो आत गेला. पानं मांडलेली होती, तीन. मधल्या खांबाशी पाट होता, तिथल्या लोट्यातलं पाणी अर्धं प्यायलेलं. मागच्या अंगणात कोणीतरी विहिरीचं पाणी ओढून पाय धूत होतं. रहाट करकरला, बादली काठावर आपटली.

"ये रे, पान वाढलंय," आत्या मागच्या दाराकडे बघून म्हणाली. "पाहुणे आलेत."

"येऊलालो, आत्या."

आवाज त्याचाच होता. फक्त त्यात काही सांडलेलं नव्हतं.

अमोघ खांबापाशीच उभा राहिला. आत्यानं हलकेच त्याच्या कोपराला हात लावला आणि त्याला पलीकडच्या, भिंतीकडच्या पानाशी नेलं. संकोच करू नका, म्हणाली. हे पान रोजच मांडलेलं असतं.

तो बसला. मागच्या दारातून ओले पाय आत आले, फरशीवर ठसे उमटवत, आणि खांबाशी थांबले. त्यानं मान वर केली नाही. पानावर पाण्याचे थेंब होते, ते तो बघत राहिला. आत्या वाकली आणि पानाच्या कोपऱ्यात तिनं आधी मीठ वाढलं.